पानावरची बिनपायाची अळी

(मारेगावजवळचं कपाशीचं शेत, सकाळची वेळ. उकंडाच्या पाठीवर फवारणीचा भरलेला पंप. बांधावर त्याची मुलगी उर्वशी आणि निवृत्त शिक्षक धम्मरत्न गुरुजी.)

उर्वशी : पण बाबा, ते बोंडअळी नाईच.

उकंडा : मागच्या साली बोंडअळीनं सारं शेत खाल्लं. आता पानावर अळी दिसून राह्यली, अन् तू मले थांब म्हणतं?

उर्वशी : गुरुजी, तुमीच सांगा न.

गुरुजी : ओळखलंस तू, तर सांगायचंही तूच. उकंडा, ऐक. तूही माझ्याच वर्गात होतास.

उकंडा : मागच्या बाकावर होतो, गुरुजी.

गुरुजी : म्हणूनच आज जरा पुढे ये.

उर्वशी : हे घ्या हातावर. पाय मोजा.

उकंडा : पाय नाईत इले. डोकंबी दिसत नाई.

उर्वशी : बोंडअळीले दोन्ही असते. हे माशीचं पिल्लू हाये. तिथं हवेत एका जागी उभी हाये न, ते याची माय.

उकंडा : ते तं गांधीलमाशी. पट्टे पाह्य तिचे.

उर्वशी : नुसतं सोंग हाये. गांधीलमाशीले चार पंख, इले दोनच. मागच्या पंखांच्या जागी बारीक गुंड्या. मच्छरालेबी तसंच.

उकंडा : मच्छर कायची माशी?

उर्वशी : एकाच खानदानातले, पण घरं तीन. मच्छराच्या मिशा लांब, पाय काडीवानी, पिल्लाले डोकं. बैलाले चावते ते गोमाशी दांडगी, मिशा आखूड. घरातली माशी अन् हे तिसऱ्या घरच्या. मिशी इवलीशी, तिले एक केस. अन् कोषाचं गोल झाकण ढकलून बाहेर येते.

गुरुजी : झाकणाचं मी शिकवलं नव्हतं.

उर्वशी : शिशीत ठेवून पाह्यलं न. नऊ दिवस लागले.

उकंडा : माह्या शेतात काय करून राह्यली मंग हे?

उर्वशी : पानावर सोडा तिले. आता पाहा.

उकंडा : मावा धरला... उचलूनच घेतला तिनं. चोखून राह्यली. हे पाह्य, दुसराबी.

गुरुजी : फवारलंस तर पानाचा रस पिणाऱ्या माव्यासोबत त्याला खाणारी हीसुद्धा मरेल.

उकंडा : अन् बोंडअळी खरंच आली तं?

उर्वशी : शाळेत जायच्या आधी रोज वीस बोंडं फोडून पाहीन. दिसली तं मीच म्हणीन, पंप काढा.

उकंडा : वीस?

उर्वशी : वेगवेगळ्या झाडांची.

उकंडा : गुरुजी, पट्टा धरा जरा, पंप उतरवतो. (शेजारच्या शेताकडे हाक मारत) ओ भीमसिंगभाऊ, तुह्या शेतात फवारू नको अजून. माही पोरगी येऊन राह्यली तिकडं, अळी कोणती ते पाहाले.