भिंगरीची आयाळ

डॉक्टर : झूल दिवसभर घोडीच्या अंगावर असते म्हणता, मग हे झुलीखाली काय उठलंय, काका? चिलटं काय झूल उचलून आत शिरतात?

नवरा : शिरत असतील. बारीक असतात.

डॉक्टर : काका!

बायको : मी सांगते, डॉक्टर. ऊन उतरलं की हे घोडीला आत घेतात, दार लावतात, पंखा सुरू करतात. आमच्या खोलीतला पंखा केव्हाचा कुरकुरतोय, पण घोडीला मात्र नवा कोरा! डबक्याकडच्या कुरणात तिला फिरकू देत नाहीत. तुमचं मलम सकाळ-संध्याकाळ, अगदी न चुकता. तरी बघा की, खांबाला घासून घासून मान रक्ताळून घेतलीय. रात्रभर तबेल्याच्या फळ्यांचा आवाज ऐकत पडायचं, दुसरं काय.

डॉक्टर : आत येऊन बघा ना, काकू. दारातून नाही कळायचं.

बायको : मी इथेच बरी.

नवरा : ती येत नाही तबेल्यात. आमची बबी गेल्यापासून नाही आली.

डॉक्टर : हं... चला भिंगरीबाई, नीट उभ्या राहा. लाथ मारायची नाही हं, माझं लग्न व्हायचंय अजून.

बायको : ते इंजेक्शन द्या ना. मागे दिलंत तेव्हा किती आराम पडला होता.

डॉक्टर : सारखं सारखं नाही देता येत. खुरांवर येतं ते. खाज जाईल आणि घोडी पांगळी होऊन बसेल.

बायको : मग झालं तर. ऐकलंत ना? उद्या टेकडीवरचे घोडेस्वारीच्या शाळेवाले गाडी घेऊन येतायत. तिकडे सतत वारं असतं, चिलटं नाहीत. सुखी होईल बिचारी.

नवरा : नाही पाठवायची.

बायको : कालपर्यंत हो म्हणत होतात!

नवरा : हो नव्हतो म्हणत. गप्प होतो.

बायको : लग्न झाल्यापासून तुमचं गप्प म्हणजे होच असतं. आता कुठे फरक करायला लागलात? अहो, तिचे हाल बघवत नाहीत मला. लेकीची घोडी अशी सोलून निघतेय आणि आपण नुसतं बघत बसायचं? बबी असती तर काय म्हणाली असती?

डॉक्टर : एक मिनिट. हा वास कसला येतोय?

नवरा : नवं गवत आणलंय.

डॉक्टर : गवताला सफरचंदाचा वास? आयाळीला येतोय हा. हिला कशानं धुता, काका?

नवरा : पाण्यानं.

डॉक्टर : नुसत्या पाण्यानं?

नवरा : धुतो आपलं.

डॉक्टर : हे बघा, केसांच्या मुळाशी पांढरं साठलंय. फेस नीट निघालेलाच नाही. आणि कातडी कोरडी ठक्क. माणसांचा शाम्पू आहे ना हा?

बायको : शाम्पू? काहीतरीच काय, डॉक्टर! यांच्या टकलाला शाम्पू कशाला लागतो? मी शिकेकाईवाली. आमच्या घरात शाम्पू फक्त...

डॉक्टर : फक्त काय?

बायको : अहो. हिरव्या बाटलीतला?

नवरा : हो.

बायको : तिचा?

नवरा : तिचा संपला. तसलाच आणतो दुकानातून.

डॉक्टर : अहो काका, चिलटांची खाज होतीच, त्यात हा सुगंधी शाम्पू म्हणजे आगीत तेल! घोड्याच्या कातडीला तो सोसत नाही. अंगचं तेल निघून जातं, कातडी फुटते, आणि वरून झूल घातली की सगळं आतल्या आत कोंडतं. मी इतक्या वेळा विचारलं, काही वेगळं लावता का म्हणून!

बायको : वेड लागलंय का तुम्हाला? मुका जीव खाजेनं अर्धा झाला आणि तुम्ही त्याला अत्तरं लावत बसलात?

नवरा : बबी लावायची तिला.

बायको : ती कधीतरी लावायची! मौजेखातर!

नवरा : मीही रोज नाही लावत. वास उडाला की लावतो. लवकर उडतो गं.

बायको : मग बाटली हुंगायची!

नवरा : हुंगली. दुकानात उभा राहून हुंगली, दुकानदार बघत राहिला माझ्याकडे. बाटलीत नुसता शाम्पूच येतो. ती नाही येत. त्यात भिंगरीचा घाम मिसळावा लागतो. बबी तबेल्यातून थेट घरात शिरायची आणि तू ओरडायचीस, आधी न्हाणीत जा, घोडीसारखा वास मारतोय. तो वास. घरात कुठेच राहिला नाही तो. मी शोधला. कपाट उघडलं तर रिकामं. उशीचा अभ्रा, तिचा तो निळा स्वेटर, टॉवेल, सगळं तू लगेच धुऊन काढलंस आणि वाटून टाकलंस.

बायको : मला बघवत नव्हतं. खुंटीवर स्वेटर दिसला की वाटायचं, आहे घरातच, आत्ता हाक मारेल. रोज तसं वाटायचं आणि रोज ती पुन्हा जायची. म्हणून धुतलं. तुम्ही का नाही अडवलंत मला?

नवरा : तू रडत रडत धूत होतीस. तुला कसं अडवू?

बायको : अडवायचं होतंत हो. एक तरी काही ठेवायला लावायचं होतंत.

डॉक्टर : काका, मी तुम्हाला चांगली झापणार होते. राहू दे ते. पण खरं काय ते सांगते. हे आजच थांबवलंत आणि बाकीची काळजी आत्तासारखीच घेतलीत, तर घोडी इथेच सुधारेल. टेकडीवर पाठवायची गरज नाही. नाही थांबवलंत, तर जखमा चिघळतील. मग एक दिवस तुम्ही मला ज्या शेवटच्या कामाला बोलवाल, ते काम मला हिच्या बाबतीत करायचं नाही.

नवरा : म्हणजे घोडी ठेवायची तर वास सोडायचा.

डॉक्टर : हो.

नवरा : नुसता शेपटीला लावला तर? टोकाला? तिथे केसच असतात, कातडी नसते.

डॉक्टर : शेपटीनं ती सगळं अंग झाडते, काका.

नवरा : हो. झाडते खरी.

डॉक्टर : ऊन आहे तोवर कोमट पाण्यानं धुऊन काढा. अगदी मुळापर्यंत, पाणी नितळ येईपर्यंत. कोरडी करा, मलम लावा, धुतलेली झूल घाला. खरारा सध्या नको, हातानंच पुसा. मी निघते. काकू, त्या शाळेवाल्यांचं काय ते...

बायको : मी करते त्यांना फोन. येऊ नका म्हणते. या तुम्ही, सावकाश जा.

नवरा : बंबात पाणी तापलेलंच आहे. बादली आणतो.

(डॉक्टरांची गाडी दूर जाते. नवरा बादली भरून आणतो. बायको दारातून आत येते.)

बायको : थांबा. पाणी घालू नका इतक्यात.

नवरा : डॉक्टर म्हणाल्या ना, ऊन आहे तोवर.

बायको : ऐकलं मी. झूल काढा तिची. आणि नीट धरून ठेवा, मला घोड्यांची भीती वाटते, माहितेय ना.

नवरा : काही नाही करत ती. ये. अशी बाजूनं ये.

बायको : कुठे येतो? मानेशी?

नवरा : कानामागे. आयाळ वर उचल. तिथे जास्त टिकतो. जखमेला हात नको लावू.

बायको : नाही लावत. अगंबाई, किती गरम असते हिची मान.

नवरा : आला?

बायको : बोलू नका जरा.

नवरा : रडू नकोस अशी. बिचकेल ती.

बायको : नाही बिचकत. उभी आहे बघा शहाण्यासारखी.

नवरा : अगं, पाणी गार होतंय.

बायको : होऊ दे.