गादीखालचे सतरा लेख

...नाही हो, कसला बांधणीवाला नि कसलं काय! छत्तीस वर्षं छापखान्यात पुस्तकं बांधली, एका पानाची जागा चुकली नाही, आणि पोटच्या पोरीच्या पुस्तकातले सतरा लेख मी... लाज वाटते हो सांगायला!

पण सांगतो. माझी लेक डॉक्टर. सुई टोचणारी नव्हे, संशोधन करणारी. आधी लेख लिहिले रक्तावर, मग मेंदूवर, मग डोळ्यावर. मी बायकोला म्हणायचो, "अगं, ही एक काही धड धरत का नाही?" लेक हसायची. "बाबा, जे रक्त मेंदूत जातं तेच डोळ्यात जातं. मी त्याच्याच मागे चाललेय." बरं बाई, चाल!

तर डोळ्याच्या विभागाचं प्रमुखपद रिकामं झालं, मुलाखत ठरली, आणि लेक सगळे लेख छापून घेऊन आली, अडतीस, सुटे. "बाबा, कमिटीपुढे ठेवायचेत. बांधून द्याल? तुमच्यासारखी शिवण कुणाची नाही." असं म्हणाली हो! मी खळ शिजवली, दोऱ्याला मेण लावलं आणि बसलो पानं लावायला. इंग्रजी कुठलं येतंय, चौथीत शाळा सुटली. पण लेकीचं नाव आकारानं ओळखतो, तिच्या वह्यांवर मीच चिठ्ठ्या डकवायचो ना! आणि रक्त कुठलं, डोळा कुठला, ते चित्रांवरून कळतं. प्रत्येक लेखावर नावांची ओळ. रक्ताच्या लेखांवर लेक पहिली! मेंदूच्या लेखांवर मधे कुठेतरी, गर्दीत. आणि डोळ्याच्या सतराच्या सतरा लेखांवर... शेवटी. पार शेपटाला! तुम्हीच सांगा, शेवटचं नाव कुणाचं असतं? आमच्या छापखान्याच्या फळ्यावर पहिला मालक आणि शेवटचा मी. छत्तीस वर्षं!

म्हटलं, पोरगी मागे मागे पडत गेली आणि घरात बोलली नाही. कमिटीपुढे हसं होईल तिचं. म्हणून मी ते सतरा लेख काढले आणि... लाज वाटते हो... माझ्या गादीखाली ठेवले. उरलेल्यांचं असं देखणं पुस्तक बांधलं, पाठीवर सोनेरी रेघ! लेकीनं नुसता हात फिरवला. उघडलंसुद्धा नाही. बाबांनी बांधलंय म्हटल्यावर उघडून काय बघायचं?

मुलाखतीला पुस्तक घेऊन गेली, दुपारी परत आली. आवाज चढवला नाही, तेच तर जास्त लागतं! पुस्तक टेबलावर ठेवलं आणि कमिटीच्या अध्यक्षांच्या जाड आवाजात म्हणाली, "'मॅडम, डोळ्याचा विभाग मागताय, आणि डोळ्यावर एक अक्षर नाही?' बाबा, माझे लेख कुठायत?"

मी उठून गादी उचलली. बायकोनं कपाळाला हात लावला. "अहो, हा शहाणपणा कुणी सांगितला होता?"

"तू शेवटी होतीस गं," मी म्हटलं. "लोक हसले असते तुला."

लेक मटकन जमिनीवरच बसली. "बाबा, आमच्यात पहिलं नाव हातानं काम करणाऱ्याचं. शेवटचं नाव, ज्याच्या नजरेखाली ते काम झालं त्याचं. त्या शेवटच्या जागेवर पोचायला मला एकोणीस वर्षं लागली."

एकोणीस वर्षं! आणि मी त्यांच्यावर चार दिवस घोरत होतो!

अध्यक्षांनी दुसऱ्या दिवसापर्यंत मुदत दिली होती. मी शिवण उसवली, पुन्हा घातली. या खेपेला लेक शेजारी बसून एकेक लेख स्वतः मोजून माझ्या हातात देत होती... देणारच, विश्वास कुठे उरला होता! सकाळी मीच गेलो बरोबर. उभा राहून म्हटलं, "साहेब, चूक बापाची आहे, पोरीची नाही." साहेबांनी पुस्तक उलटंपालटं केलं, म्हणाले, "शिवण फार सुंदर आहे हो." जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं मला!

पद मिळालं तिला. मिळायचंच होतं, मी मधे कडमडलो नसतो तर एक दिवस आधी मिळालं असतं.

ते पुस्तक परत आलं तेव्हा तिनं आतल्या पानावर चिठ्ठी डकवली. 'बांधणी', आणि खाली दोन नावं. पहिलं माझं! आयुष्यात पहिल्यांदा पहिलं! छाती फुगली हो माझी. शेवटचं नाव बघितलं, तर तिचं. म्हटलं, "बाई गं, मी पहिला?"

"हो बाबा. काम करणारा पहिला."

"आणि तू शेवटी..."

"मी लक्ष ठेवलं."

तर अशी गत. बहात्तराव्या वर्षी मी पुन्हा शिकाऊ म्हणून लागलोय... लेकीच्या हाताखाली.