पाच एमएलची रेघ

औषधांच्या दुकानात माझ्यापुढे एक आजोबा उभे होते. त्यांनी खिशातून औषध मोजायचा छोटा कप काढून काउंटरवरच्या मुलीपुढे ठेवला.

"पोरी, आमच्या हिच्या औषधासाठी असा एक नवा दे. धुऊन धुऊन याचे आकडे पुसले."

"मग आजींना औषध कसं मोजून देता?"

"ही लाल रेघ आहे ना, नेलपॉलिशची. इथपर्यंत पाच एमएल."

"थांबा, सिरिंजने पाणी घालून बघते. आजोबा, रेघेपर्यंत तीनच एमएल बसतंय."

"तीन? तरीच खोकला हटत नाही. आणि मी उगाच डॉक्टरांना नावं ठेवतोय."

"रेघ मारली कोणी?"

"तिनेच. माझा हात कापतो."

"औषध फार कडू आहे का?"

"कडू जहर. पिताना माझ्याकडे अशी बघते, जणू मीच ते बनवलंय."

"हा घ्या नवा कप. आजींना यावरचे आकडे नीट दाखवा."

"नको, दाखवायला नको. आकडे तिला चष्म्याशिवाय दिसत नाहीत, रेघ तेवढी दिसते. तुझ्याकडे लाल नेलपॉलिश आहे?"

"आहे पर्समध्ये."

"मग पाचावर अशीच एक रेघ ओढून दे. आणि जरा वाकडी ओढ, तिच्यासारखी."