धुतलेलं चित्र

हसू नका हं, पण माझ्या धुण्याच्या खोडीचं परवा काय झालं ते ऐका. द्राक्षांवर फवारणी असते, म्हणून मिठाच्या पाण्यात घातल्याशिवाय मी ती कुणाला तोंडात घालू देत नाही. रविवारी आमची चार वर्षांची रेवा आजोबांच्या बागेतून मुठीत एक द्राक्ष घेऊन धावत आली.

“आई, तुला!”

“धुतलंस का? टाक ते आधी!”

तिनं गुपचूप टाकलं. “अख्ख्या बागेतून तेवढं एक निवडलं होतं तिनं,” नवरा हळूच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिनं पाणी ठिबकणारा एक कागद माझ्यापुढे धरला.

“अगं, हे काय?”

“तुझं चित्र काढलंय. नळाखाली धुऊन आणलंय. आता घेशील ना?”

घेतलं. पण स्केचपेनची आई तोवर वाहून गेली होती.