शुक्रवार माझा, मंगळवार सासूबाईंचा

...आणि वर मलाच विचारतात, "मार्केत्ता, शुक्रवारी संध्याकाळी तू टॉवेल घेऊन तळघरात का उभी असतेस गं?" का म्हणजे? दार उघडायची वाट बघत असते. स्वतःच्या इमारतीत, स्वतःच्या सौनाच्या दाराबाहेर, पाहुणीसारखी. तुम्हाला सांगते, लष्कराच्या भाकऱ्या भाजायला खुशाल जावं माणसानं, पण जाताना आपल्या घरचं पीठ कुलपात ठेवून जावं.

आता आमच्या इमारतीला सौना, म्हणजे वाफ घेत बसायची खोली, एकच, तळघरात, आणि दर घराला आठवड्यातून एक तास. शुक्रवारी सातचा तास माझा. इथं आमच्या थंडीच्या गावात, कुओपिओत, बाई नवरा बदलेल, पण शुक्रवारची संध्याकाळ सोडणार नाही. तो तास मिळायला आधी कुणीतरी मरावं लागतं. खोटं कशाला बोलू, मीही वाट बघितली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंचा होता तो, स्वभावानं फार चांगल्या, फक्त जगल्या जरा जास्त.

शिवाय आमच्या घरी मंगळवारचाही एक तास. तो खरं तर सासूबाईंचा, त्या याच इमारतीत राहायच्या. सासूबाई गेल्या, मंगळवार राहिला. माझा नवरा ताइस्तो तिथं जाऊन बसतो, आईच्या आठवणीत म्हणे. कुणी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही.

तर मी जाते एका मंडळात. गावातल्या बेघर लोकांसाठी आहे ते. नगरपालिकेकडे यंदा सगळ्यात आधी काय मागायचं, यावर एकदा जुंपली. कुणी म्हणे गरम सूप, कुणी म्हणे झोपायच्या पिशव्या, एक जण म्हणे समुपदेशन. मी उठले आणि म्हटलं, आधी घर, मग बाकीचं! माणूस सुधारला की घर देऊ म्हणता, अहो, पण त्यानं सुधारायचं कुठं बसून? बाकावर? आणि घरं नाहीत असं नका सांगू, गावातल्या प्रत्येक जुन्या इमारतीत रखवालदाराची खोली आहे, रखवालदार गेले, खोल्या कुलपात, त्या उघडा. काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू... तीच आमची पहिली मागणी ठरली. 'आधी घर, मग बाकीचं' हे मी कापडी पिशव्यांवर छापून घेतलं, आणि ती पिशवी खांद्याला लावून इमारती-इमारतींतून ब्रह्मज्ञान सांगत फिरले.

आणि मग राउनीनं विचारलं.

राउनी साठीची बाई. उभा जन्म हॉस्पिटलच्या चादरींना इस्त्री करण्यात गेला. नवरा वारला, तर घर निघालं दिराच्या नावावर. मग या बहिणीचा सोफा, त्या बहिणीचा सोफा, सोफ्यांचं प्रेम आटलं तशी तळ्याकाठी कुणाच्या तरी बोटींच्या शेडमध्ये. आता तळं गोठायला लागलं की बोटी आत घेतात आणि शेडला टाळं लागतं. बाहेर पाणी कडेकडेनं गोठायलाच लागलं होतं. मंडळाच्या कॉफीचे कप विसळता विसळता ही मला म्हणते, अगदी सहज, "मार्केत्ताबाई, तुमच्या इमारतीत आहे का हो तशी खोली?"

आहे ना. आमच्या स्की ठेवल्यात त्यात.

काय करणार, घातला विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये. आणि तुम्हाला सांगते, तत्त्वतः सगळे बाजूनेच होते. मीटिंगमध्ये कॉफी, वेलदोड्याचे पाव आणि तत्त्व, तिन्हींची कमी नव्हती. दुसऱ्या मजल्यावरची हिल्लेवी, तिचा आवाज असा, मधात बुडवलेल्या सुईसारखा, "तत्त्वतः मी पूर्ण बाजूने आहे हं... फक्त एकच शंका. नवीन घर म्हणजे नवीन तास. सौनाचा तास कुणाचा द्यायचा?"

झालं! इथं घोडं अडलं. बाई दारू पिते का, भाडं कोण देणार, गोंगाट होईल का, कुणाला काही पडलेलं नाही. प्रश्न एकच, सौना. मी म्हटलं, पहाटेचा तास काढू. हिल्लेवी म्हणाली, "पहाटे? भाडेकरूला असं दुय्यम वागवायचं? तुझ्याच पिशवीवर काय लिहिलंय गं?" मग सगळे गप्प. आमच्या लोकांचं गप्प बसणं तुम्हाला माहीत नाही, रेडिएटरचं पाणी वाहिलेलं ऐकू येतं. कुणी कपात बघतंय, कुणी बुटांकडे. आणि हिल्लेवी छताकडे बघून म्हणते, "काही काही घरी दोन-दोन तास आहेत म्हणे..."

मी ताइस्तोकडे बघितलं. ताइस्तो पावावरची साखर एक-एक कण करून बोटानं टिपत होता. हा माणूस मीटिंगमध्ये बोलत नाही, लग्नातही 'हो' म्हणाला ते पाद्रीबुवांनी दोनदा विचारल्यावर. आईचा मंगळवार याच्या तोंडून सुटणार? आणि मला सारखी ती शेड दिसत होती हो. मी इथं गरम वाफेत बसायचं आणि त्या बाईनं टाळं लावायला येणाऱ्या माणसाच्या पावलांचा कानोसा घेत पडायचं... मला लाज वाटली. तोंडातून निघून गेलं, "माझा शुक्रवार घ्या."

अशा टाळ्या वाजल्या की बस. तत्त्वतः बाजूने असलेले सगळे आता खरोखर बाजूने झाले, दुसऱ्याच्या शुक्रवारावर. आठवड्याभरात स्की निघाल्या, राउनी आली, दारावर तिच्या नावाची पाटी लागली. ती पाटी ती रोज पुसते, आता अक्षरं उडायला आली.

पहिल्या शुक्रवारी सात वाजता माझी बेल वाजली. दारात राउनी, हातात टॉवेल. "मार्केत्ताबाई, एकटीला नको वाटतं, याल का?" गेले. खाली गेल्यावर ती आधी दाराशी थांबली. म्हणाली, "हे आतून लावता येतं?" म्हटलं, येतं की. तिनं कडी लावली, ओढून बघितली, परत ओढून बघितली. मग म्हणाली, "तलावावर अंघोळ करताना एक डोळा कायम पिशवीवर असायचा." आणि फळीवर बसली आणि दोन्ही डोळे मिटले. मला रडू आलं. सौनात एक बरं असतं, कुणाला कळत नाही.

पण दया करावी एवढी काही गरीब गाय नाही हो ती. डोळे मिटूनच शेगडीवरच्या तापल्या दगडांवर असं पाणी मारलं की वाफेनं माझे कान भाजले. "दगड जुने झालेत तुमचे," म्हणे, "बदलायला सांगा." तीन शुक्रवारांत मार्केत्ताबाईची मार्केत्ता झाले. दगड बदलले, शेगडी घासून झाली, हिल्लेवीला चादरीची घडी कशी घालतात ते शिकवून झालं. आणि राउनी आमच्या मंडळात आली. माझी पिशवी आता तिच्या खांद्याला.

परवा सोसायटीची मीटिंग. राउनी उभी. "जिन्याखालची जुनी ऑफिसची खोली रिकामी आहे. शेडमधला माझा शेजारी, एइनो, सध्या सुताराच्या गोदामात झोपतो. आधी घर, मग बाकीचं." तुम्हाला सांगते, तत्त्वतः सगळे बाजूनेच. आणि हिल्लेवी, मधातली सुई, "फक्त सौनाचा तास..."

रेडिएटरचं पाणी ऐकू यायला लागलं. सगळ्या माना हळूहळू आमच्या बाकाकडे वळल्या. माझ्याकडे तर काही उरलेलंच नव्हतं, मी निवांत पाव खात होते. आणि ताइस्तो, माझा ताइस्तो, खाकरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मीटिंगमध्ये बोलला. "तत्त्वतः," म्हणाला, "माझी काही हरकत नाही."

राउनीनं त्याच्याकडे एकदा बघितलं फक्त, चुरगळलेल्या चादरीकडे बघावं तसं.

"बरं," ताइस्तो म्हणाला, "मंगळवार."

आता शुक्रवारी मी राउनीची पाहुणी, मंगळवारी हा एइनोचा पाहुणा. घरी येतो, लालबुंद होऊन, खुशीत असतो. म्हणतो, आईपेक्षा एइनो बरा, बोलत नाही. आणि मी काय म्हणते, माझी काही तक्रार नाही हो... फक्त काल राउनी जिन्यात भेटली तर म्हणते कशी, "मार्केत्ता, सातला म्हणजे सातला ये हं, आठ वाजता दुसऱ्यांची वेळ असते."