दोन शेर येसर

गोजाबाई : मास्तरीणबाई, पळी आपटून काय व्हनार? डाळ भ्यायची न्हाई तुमाला.

सुमनताई : आजी, साडेसातला चढवलीय हो! आता साडेअकरा झाले, तरी दाताखाली कचकन लागतेय. चिंचवडच्या वाण्यानं जुनी डाळ गळ्यात मारली, दुसरं काय!

गोजाबाई : त्या वान्याला कशापायी शिव्या? पानी कुटलं घातलंय?

सुमनताई : तुमच्याच विहिरीचं. तुम्हीच म्हणालात, लागेल तेवढं घ्या.

गोजाबाई : आंगुळीला म्हनलं! भांडी घासायला म्हनलं! अवं, ह्या हिरीचं पानी मचूळ. त्यात डाळ जलमात शिजायची न्हाई. आख्ख्या पुनावळ्याला ठावं हाय. सैपाकाचं पानी आमी नदीवरनं आनतो.

सुमनताई : अगं बाई! मग काल सांगायचं नाही का?

गोजाबाई : तुमी इचारलं का? काल माझ्या आंब्याखाली तंबू ठोकताना इचारलंत, साप हाय का, चोर हाय का. डाळीचं काय बी इचारलं न्हाई.

सुमनताई : चुकलंच माझं. हा बघा तक्ता. शिबिराचे चार दिवस, आठ जेवणं, आणि आठही जेवणांत डाळ! रात्र रात्र बसून केला होता.

गोजाबाई : मला वाचता येत न्हाई, पर रेघा झ्याक मारल्यात.

सुमनताई : थट्टा नका करू हो. मोठ्या बाई एक वाजता टांग्यानं जेवायला येणार आहेत.

गोजाबाई : कोन मोठ्या बाई?

सुमनताई : आमच्या मुख्याध्यापिका, यशोदाबाई. दोन वर्षं त्यांच्या मागे लागले होते मी. मुलांची शिबिरं होतात, मग मुलींची का नाही? पालक म्हणाले, पोरी रानात उपाशी राहतील. शेवटी बाई कशाबशा तयार झाल्या. म्हणाल्या, सुमन, पहिल्या दिवशी मी स्वतः जेवायला येईन. मुली अर्धपोटी दिसल्या, तर संध्याकाळच्या आत सगळ्यांना घरी नेईन. मग पुन्हा माझ्यापुढे शिबिराचं नाव काढायचं नाही.

गोजाबाई : मंग पळवा की पोरी नदीवर.

सुमनताई : मैलभर जायचं, मैलभर यायचं, पुढे दीड-दोन तास शिजवायचं. तीन वाजतील. बाई तोवर टांग्यात मुलींचे बिछाने भरतील.

गोजाबाई : नुसता भात घाला, गुळासंगं.

सुमनताई : सकाळपासून तीसही मुलींनी चर खणलेत, मोळ्या वाहिल्यात. एकीनं तर हाताला फोड आल्याचं मला सांगितलंसुद्धा नाही. अशा पोरींपुढे नुसता भात कसा ठेवू? रडू येतंय मला आता.

छबूबाई : ताई, येक इच्यारू का?

सुमनताई : विचारा ना, छबूबाई. आजी, या आमच्या छबूबाई. शाळेची घंटा देतात. मुलींच्या सोबतीला आल्यात.

छबूबाई : ती डाळ उतरवा. नदीचं पानी आलं की रातच्याला कामी येईल. मोठ्या पातेल्यात आधन ठिवा. माझ्या बोचक्यात येसर हाय, दोन शेर.

सुमनताई : येसर म्हणजे?

छबूबाई : आमच्या बीडाकडं लग्नाकार्यात करत्यात. ज्वारी, हरबरा, धने, मिरे, सगळं खरपूस भाजायचं अन् दळून ठिवायचं. लसणाची फोडणी द्यायची, आधनात सोडायचं, की झाली आमटी.

सुमनताई : पण या पाण्यात शिजेल का?

छबूबाई : त्येला शिजायचं कामच न्हाई, ताई. भाजतानाच निम्मं काम झालेलं असतंय. अन् आमच्याकडं तरी कुठं गोडं पानी हाय? हिरीला पानी लागलं, हेच लई म्हनायचं.

गोजाबाई : दोन शेर येसर घेऊन कुनी शिबिराला येतंय व्हय? बोचक्याला गाठी बी तीन मारल्यात. कुनासाठी चाललं व्हतं, खरं सांग.

छबूबाई : दिघीला लेक दिलीया. शिबिर उठलं की तसंच जानार व्हते. दिवाळीपासनं निरोप धाडायलीय, आई, येसर आन.

सुमनताई : नको नको, छबूबाई! लेकीच्या तोंडचं काढून मी मुलींना कशी वाढू?

छबूबाई : लेकीच्या घरी चूल पेटलीय, तिची फिकीर नका करू. ह्या पोरी मात्र केव्हाच्या इकडंच बघायल्यात. बारा वर्सं झाली घंटा द्यायला. जेवनाच्या सुट्टीची घंटा दिली की पोरी कशा पळत्यात, ते म्या बघितलंय. आज घंटा देऊन रिकामं ताट दावू का?

गोजाबाई : घ्या! आता बोला, मास्तरीणबाई.

सुमनताई : सांगा, मी काय करू?

छबूबाई : आधी चुलीचं त्वांड फिरवा. वारं समोरनं यायलंय, जाळ सगळा भाइर. भाजीचे बटाटे बारीक चिरा, जाडे नगं. लसून सालीसकट ठेचा. अन् येसर गार पान्यात कालवून घ्या. कोरडाच आधनात टाकला की गोळ्या व्हत्यात.

गोजाबाई : बया! बोलती केवढी कमी, अन् हुकूम कसा सोडती! थांब, म्या बी येते. घरात सकाळच्या दहा-बारा भाकरी हायेत, कांदं हायेत. आनते.

छबूबाई : मावशी, येताना मूठभर कोथमीर बी आना.

गोजाबाई : मला बी कामाला लावलं हिनं!

(दुसऱ्या दिवशी दुपारी, त्याच आंब्याखाली.)

गोजाबाई : काल म्या वाढतच व्हते, म्हून नीट ऐकू आलं न्हाई. जाताना मोठ्या बाई काय म्हनाल्या?

सुमनताई : आधी तीनदा आमटी घेतली. मग विचारलं, सुमन, हे तुझ्या तक्त्यात होतं का? मी म्हटलं, नाही बाई, माझा तक्ता चुकला होता. ही छबूबाईंची आमटी.

गोजाबाई : आन मग?

सुमनताई : बाई उठल्या, स्वतः पान मांडलं आणि छबूबाईंना मुलींच्या पंगतीत बसवलं. म्हणाल्या, बारा वर्षं तुमची घंटा ऐकतेय, तुमच्या हाताला ही चव आहे हे आज कळलं. टांग्यात बसताना मला म्हणाल्या, पुढच्या वर्षी आठवडाभर ने मुलींना.

छबूबाई : म्या तर उठून वाढायलाच निघाले व्हते. सवय न्हाई पंगतीत बसायची.

सुमनताई : पण जेवलात ना! आता तक्ता तुम्हीच सांगायचा, मी फक्त लिहीन.

छबूबाई : म्या काय सांगनार? ज्या दिशी पोरी खनत्याल, त्या दिशी भाकरी. ज्या दिशी नुसती कवायत, त्या दिशी भात. अन् गोडाचं शेवटच्या दिशी करा, म्हंजी पोरींना परत यावंसं वाटतंय.

सुमनताई : हे कुठल्या पुस्तकात नाही हो. शाबास तुमची! पाहत राहावं असं काम आहे तुमचं. बरं, हे घ्या.

छबूबाई : हे काय? माझंच बोचकं? रिकामं केलं व्हतं की काल.

सुमनताई : गाठी सोडा.

छबूबाई : अगं माय! भरलंय की!

गोजाबाई : ज्वारी-हरबरा माझ्या कनगीतला, जातं माझं. भाजला अन् दळला मातुर पोरींनी. तू सकाळी नदीवर गेलीस, तवा तिघी-तिघी पाळीनं बसल्या. तू काल भाजन्याचं सांगितलंस, ते समदं पाठ हाय त्यांना.

सुमनताई : धणे-मिरे आमच्या शिध्यातले. या मुलींचे वडील पिंपरीच्या कारखान्यात कामाला, प्रत्येकीचं गाव निराळं. रत्नागिरीकडच्या एकीनं तर गुपचूप खोबरं घातलंय. रागावू नका.

छबूबाई : खोबरं! येसरात!

गोजाबाई : हुंगून तरी बघ.

छबूबाई : जरासक करपलाय. अन् धुराचा वास लागलाय.

सुमनताई : मग दिघीला नाही का नेणार?

छबूबाई : नेनार तर! लेक इच्यारंल, आई, औंदा येसर असा कसा गं?

गोजाबाई : मंग काय सांगशील?

छबूबाई : सांगंन, तुला तीस भयनी झाल्यात. त्यांच्या हातचा हाय.