खाच पाडताना कुणी बोलू नये

…नाही, पण मला सांगा, कपडे धुवायच्या मशीनला बाल्कनी कशाला लागते? तिला काय संध्याकाळी वारा खायचाय? बाल्कनी माणसाला लागते, मला लागते! पण आमच्या घरात हे बोलायची सोय नाही, कारण मशीन नवी आहे आणि मी जुनी झालेय.

त्याचं असं आहे, मी बाणाची टोकं बनवते. हसू नका. म्हणजे हसा, पण हळू हसा, मी दचकते. आदिमानव करायचा तसली टोकं, दगडाची नाहीतर काचेची, हाताने कपचे उडवून. आता तुम्ही म्हणाल, शिकलीसवरलेली मुलगी, बरी नोकरी, हिला शिकारीला कुठं जायचंय? आईही हेच म्हणते. तुम्हाला सांगते, मी जन्माची घाबरट. फोन वाजला, मी दचकले. बराच वेळ वाजला नाही, तर का वाजत नाही म्हणून दचकले. लिफ्टचं दार उघडलं आणि आत कुणी असलं तर मी अशी किंचाळते की तो बिचारा पुढचे चार मजले भिंतीला चिकटून उभा राहतो. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाताला काहीतरी बारीक काम द्या, डोकं गप्प बसेल. त्यांच्या मनात विणकाम असणार. मीही विणकामच बघायला फोन उघडला हो, पण मध्येच एक दाढीवाला आला, झाडाखाली बसलेला, बाटलीच्या बुडाचं बाणाचं टोक करत होता, एक अक्षर न बोलता, नुसतं कट्… कट्… कट्… आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की माणसाचे खांदे कानांना चिकटलेले नसतात, चांगले वीतभर खाली असतात.

झालं, लागले मागे. बाटल्यांसाठी भंगारवाल्याकडे गेले. जाड बुडाच्या हव्यात म्हटलं, तर त्याने बियरच्या काढून दिल्या आणि वर हळू आवाजात म्हणतो कसा, "ताई, कागदात गुंडाळून देऊ?" गुंडाळल्या, पण पिशवी जिन्यात किणकिणली, शेजारच्या काकूंनी दार उघडलं, आणि मी दचकले. चारही बाटल्या पायऱ्यांवर. काकू तेव्हापासून आईशी फार सांभाळून, फार मायेने बोलतात.

तर बाटलीत लांब खिळा टाकायचा, तोंड अंगठ्याने दाबायचं आणि बाटली वरखाली झटकायची, की बूड आपोआप गळून पडतं. मग बाल्कनीत बसून डोळ्यांना चष्मा, तळहातावर चामड्याचा तुकडा, त्यावर काच, आणि लाकडी मुठीत बसवलेल्या तांब्याच्या खिळ्याने कड दाबत जायची. नीट दाबलं की एक पातळ कपचा सुटतो. तो सुटतो ना, त्या क्षणी माझ्या डोक्यात काही म्हणजे काही नसतं. नोकरी जाईल का नाही, गॅस चालू राहिला का नाही, काही नाही. बाल्कनी म्हणजे माझ्यासाठी तेवढंच आहे बघा.

पण शेवटी खाचा पाडायच्या असतात. टोक बाणाच्या काडीला दोरीने बांधायला बुडाशी दोन बाजूंनी दोन खाचा. तिथे मान अशी नाजूक होते की हात केसभर हलला की कट्, दोन तुकडे. आणि माझं नशीब असं, की घरातल्या प्रत्येकाला नेमकं खाचेच्या वेळीच काहीतरी आठवतं. दादा शिंकला, मी दचकले. कुरियरवाल्याने बेल मारली, मी दचकले. एकदा तर सगळे बाहेर गेले होते, चिटपाखरू नव्हतं, आणि पाणी प्यायची आठवण करायला मीच लावलेला गजर वाजला… मी दचकले!

त्यात ही मशीन आली. न्हाणीघरात मावेना, म्हणून हॉलमध्ये टीव्हीशेजारी उभी केली, तिचा पाइप हॉल ओलांडून न्हाणीघरात, आणि येणारा-जाणारा त्यात अडखळतोय. आईला ती बाल्कनीत हवी, म्हणून तिने बाबांपुढे रीतसर तक्रार मांडली. दादाच्या मोज्यात काच निघाली, बाबांच्या टॉवेलात काच निघाली, आणि इतके दिवस ही पोर तिथे बसतेय, पण एक धड टोक कुणी पाहिलंय का? बाबांना न्यायनिवाडा करायला फार आवडतं. त्यांनी पेपर बाजूला ठेवला.

"रविवारी एक अख्खं टोक आमच्यासमोर करून दाखव. दोन्ही खाचांसकट. झालं तर बाल्कनी तुझी, नाही तर मशीनची."

रविवार उजाडला. समोरच्या बांधकामाच्या खडीत मला मधाच्या रंगाची एक गारगोटी सापडली होती, ती जपून ठेवलेली, तीच काढली. आणि घराने काय करावं? बाबांनी बेलची वायर सोडवली. दादाने फोन बंद केला, हे त्याच्या आयुष्यात प्रथम. आईने कुकर चढवलाच नाही. सगळे दाराशी श्वास रोखून उभे. आता तुम्हाला खरं सांगू? ती शांतता ऐकूनच मला धडकी भरली. एवढं शांत घर मी फक्त कुणाला तरी वाईट बातमी द्यायची असली की पाहिलंय! तरी म्हटलं, मागे बघायचं नाही. पहिली खाच, झाली. दगड उलटा केला. दुसरी… थोडी… अजून थोडी… कपचा सुटला. झाली! अख्खं टोक, पानासारखं, उन्हाकडे धरलं तर कडांतून उजेड दिसतोय. मी ते वर धरलं, आणि मागून टाळ्या!

मी दचकले.

फरशीवर पडलं, मानेत मोडलं. बाबा म्हणाले, निकाल अवघड आहे, टोक दाखवायचं ठरलं होतं आणि आता टोक नाही. तर आईच पुढे झाली.

"होतं. अख्खं होतं, मी बघितलंय."

"मग टाळी कुणी वाजवली?"

"मीच," आई म्हणाली. "राहवलं नाही मला."

आता बोला! जिला मशीन हलवायचीय तीच साक्ष देते माझ्या बाजूने, रडायचं का हसायचं? बाबांनी बराच विचार केला आणि बाल्कनी अर्धी अर्धी केली.

त्यामुळे आता मशीन आणि मी शेजारी शेजारी बसतो. पहिल्या दिवशी कपडे पिळायला लागली तशी ती जी थडथडली, ती चालतच माझ्या अंगावर आली हो! मेकॅनिक म्हणाला, मशीनमध्ये दोष नाही, फरशीला उतार आहे, एका पायाखाली पाचर द्या. बाबांनी पुठ्ठा घालून पाहिला, लाकडाची ढलपी घालून पाहिली, काही जमेना. मग त्यांची नजर कठड्यावर गेली. तिथे मी माझं मोडकं टोक ठेवलं होतं, जीव होत नव्हता टाकायला. त्यांनी ते उचललं, पायाखाली सरकवलं, आणि काय माप आहे म्हणून सांगू, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला निमुळतं, जसं काही तिच्यासाठीच घडवलेलं. मशीन जागच्या जागी गप्प. बाबा सगळ्यांना दाखवतात, आमच्या मुलीने बनवलंय म्हणून.

चला, बाल्कनीत थरथरणाऱ्या दोघी होतो, त्यातल्या एकीची तरी सोय झाली.